अंबाडीचा पंचनामा

सात झाडं. नर्सरीच्या मागच्या कुंपणाशी,
पाण्याच्या टाकीची सावली जिथे दुपारनंतर पडते.
बी किनवटहून आलेलं, मेहुणीच्या पापडांच्या डब्यात,
क्रोसिनच्या रिकाम्या पाकिटात गुंडाळून.
पेरलं त्या आठवड्यात पहाटे दक्षिणेला सुहैल दिसला होता.
आमच्याकडे त्यालाच अगस्ती म्हणतात.
धैदची माणसं सांगतात, सुहैल उगवला की रात्री पाणी गार होतं.
झालं नाही.
तरी बी वर आलं.

पान पंजासारखं, पाच बोटांचं, काठ करवती.
बीरानकुट्टीने पाहिलं आणि फोटो काढला.
माणूस वाईट नाही. मुलीचं लग्न ठरलंय त्याच्या,
आणि गेटवर पाटी आहे: संशयास्पद काही दिसल्यास.

पांढरी गाडी आली. साहेबाचं नाव सुहैल अल-केत्बी.
मनात म्हटलं, चार महिन्यांत हा दुसऱ्यांदा उगवला.

तोवर डिसेंबर सरत आला होता,
डोंगराकडून वारा, पहाटे अकरा अंश,
आणि झाडं रंग पालटत होती:
खालची पानं आधी पिवळी,
वरची शिरांपासून जांभळी,
काठाला वाळत्या लवंगीचा लाल.
साहेब म्हणाला, हे असं का?
त्याने ऐकलं होतं, ‘त्या’ झाडाचंही शेवटी असंच होतं.
होतं. मलाही माहीत आहे.
झाडं कायदा वाचत नाहीत.
दिवस आखडला, रात्र गार झाली,
की दोघंही तेच करतात.

बावीस वर्षांत माझी अरबी तीनशे शब्दांची.
निम्मे खताचे, निम्मे माफीचे.
‘अखदर,’ म्हटलं, म्हणजे हिरवा,
आणि हात खाली नेला. ‘खलास.’

सांगायचं होतं ते असं, की
पान थकलं म्हणून झाड लगेच टाकत नाही त्याला.
आधी त्याचा हिरवा मोडायला काढतं,
त्यातलं नत्र, जे जे कामाचं, ते देठातून परत मागवतं
आणि वर पाठवतं, बोंडात बी भरतंय तिथे.
पान पावती मागत नाही.
पिवळा नवा नसतो, साहेब.
तो पहिल्या दिवसापासून आत असतो,
हिरव्याच्या गर्दीत त्याला कुणी विचारत नाही इतकंच.
लाल मात्र नवा. अगदी शेवटी केलेला.
दिवसा ऊन साखर करतं,
रात्री गारठ्याने देठाची वाट अडते,
त्या अडकलेल्या साखरेतून पान लाल करत बसतं.
(मलाही क्लिनिकमधली नर्स साखरेचं काहीतरी सांगत असते,
तो वेगळा विषय.)
जायच्या वेळी एवढा खर्च कशाला,
याची पुस्तकात दोन-तीन उत्तरं आहेत,
एकमेकांशी न पटणारी.

हे तीनशे शब्दांत बसेना.
मग मी एक पान तोडलं आणि खाल्लं.
दुसरं त्याच्यापुढे धरलं.
त्याने इकडेतिकडे पाहिलं, चावलं,
आणि एक डोळा आपोआप मिटला त्याचा,
चिंच चाखलेल्या पोरासारखा.
‘हामिद!’
म्हणजे आंबट. माझा तीनशे एकावा शब्द.

हसला. तरीही एक झाड मुळासकट पिशवीत घातलं,
पिशवीला नंबर लावला,
माझी सही घेतली मराठीत.

रात्री उरलेल्या सहांचे कोवळे शेंडे खुडले,
कण्या घातल्या, लसूण जरा जास्तच जळला.
बीरानकुट्टी ताटली घेऊन आला.
फोटोबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही.
दुसऱ्यांदा वाढून घेतलं त्याने.

लॅबचा कागद आला तेव्हा फेब्रुवारी लागला होता.
झाडांच्या काड्या झालेल्या,
बी पुन्हा क्रोसिनच्या पाकिटात.
कागद बीरानकुट्टीने वाचून दाखवला, बोट ठेवत ठेवत:
भाजी. खाण्यायोग्य. हरकत नाही.
खाली रंगाचाही रकाना होता.
तिथे लिहिलं होतं,
अखदर.